वाढत्या मुलींचे ताट

मुलगी वयात येऊ लागली की तिच्या शरीराविषयी घरात कुजबुज होते; तिच्या जेवणाविषयी मात्र उघड हुकूम सुटतात. गूळ-तीळ उष्ण म्हणून नको, फार खाल्लेस तर जाड होशील, आधी भावाला वाढ आणि मग तू बस. त्यात सडसडीत दिसण्याच्या हौसेने स्वतःच उपाशी राहण्याची भर आता पडली आहे. रूढी आणि फॅशन यांचे एरवी पटत नाही; मुलीचा घास कमी करण्यात मात्र त्यांचे एकमत आहे.

शरीराचा नियम याच्या उलट आहे. पहिल्या पाळीच्या आधीच्या काळात मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते आणि अंग भरू लागते. हा लठ्ठपणा नव्हे, निसर्गक्रम होय. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरजही वाढते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज २२, तर मुलीला ३० मिलिग्रॅम लोह हवे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या शंभरांतील ५७ मुलींना रक्तक्षय आढळला.

शासनाचा हातही नेमका याच वयात आखडतो. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी असलेली केंद्राची योजना राज्यात आकांक्षित जिल्ह्यांपुरती आहे; वर्धा त्यांत नाही. लोहाची साप्ताहिक गोळी आवश्यकच. पण उपाशीपोटी घेतल्यास मळमळते आणि पुढची गोळी दप्तरातच राहते. गोळी ही जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

आहार हा शिक्षणाचा विषय आहे, हे वर्ध्याला नव्याने सांगावयास नको. १९३७ च्या येथील परिषदेतून निघालेल्या नई तालीमने स्वयंपाक आणि परसबाग यांना अभ्यासात स्थान दिले. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने खेड्यांत किशोरी पंचायती उभ्या केल्या. त्याच वाटेने पुढे जावे. पोषण आहार दहावीपर्यंत न्यावा. शिक्षकांनी शरीरातील बदल मुलामुलींना निःसंकोच समजावून द्यावेत. मुलीच्या वजनाची थट्टा वर्गात होऊ देऊ नये. घरी भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी व लिंबाची फोड तिच्या ताटात भावाइतकीच पडावी आणि जेवणावर लगेच चहा नसावा. ज्या जिल्ह्याने देशाला शिक्षणाची दिशा दाखविली, त्याच्याकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.