कारखाने आपल्याला विकले, लायसन्स मात्र ठेवून घेतलं

जिल्ह्यात मोठा उद्योग येणार म्हटलं की आपल्याकडे दोनच आकडे विचारतात. जमीन किती एकर आणि नोकऱ्या किती. तिथे बनणाऱ्या वस्तूचा शोध कोणाचा, दर नगामागे पैसा कुठल्या देशात जाणार, हे विचारायला कोणी उभा राहिलाच तर त्याला विकासविरोधी म्हणून खाली बसवतात. म्हणून आज जुनी गोष्ट उकरतोय. पैठण तालुक्यातल्या वाचकांना झोंबेल, पण वाचा.

२००५ साल. चितेगावच्या व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने ताब्यात आले. मराठवाड्याचा माणूस युरोपात मालक झाला म्हणून आपली छाती फुगली, आणि फुगायलाच हवी होती. पण थॉमसननं विकलं काय आणि ठेवलं काय, हे कोणी बघितलं? डब्बा टीव्हीचे दिवस भरत आले होते, सपाट पडदे दुकानात लागले होते. भाकड म्हैस बाजारात आणावी तसे कारखाने विकले. एमपी३ चं लायसन्स मात्र दावणीलाच ठेवलं.

एमपी३ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, तेच. सीडीवरच्या गाण्याला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, एमपी३ ते १२८ मध्ये भागवतं. साधारण अकरावा हिस्सा. युक्ती कानाची आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच पट्टीच्या आसपासचा बारीक आवाज कानाला कळतच नाही. मग तो साठवायचा कशाला?

हे काम झालं जर्मनीत, एर्लांगनला. झाइट्सर नावाच्या प्राध्यापकांना टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायचं होतं. पेटंट कचेरी म्हणाली, हे शक्यच नाही. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा विषय ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याच्या गळ्यात घातला. १९९२ ला आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, तरी डिजिटल रेडिओवाल्यांनी दुसरीच, सोपी पद्धत उचलली. एमपी३ हे नावसुद्धा १९९५ च्या जुलैत पडलं. म्हणजे दहा-बारा वर्षं नुसता खर्च! (आपल्याकडे तेवढ्यात तीन ऑडिट झाली असती आणि प्राध्यापकाची बदली.) तिथे फ्राउनहोफर ही संस्था पाठीशी उभी राहिली. हिच्या बजेटचा साधारण तिसरा हिस्सा सरकार थेट देतं, बाकीचं कंपन्यांची कामं आणि प्रकल्प आणून मिळवायचं. त्यामुळे प्रबंध छापून मोकळं होता येत नाही, गिऱ्हाईक शोधावंच लागतं.

लायसन्स वाटायचं काम थॉमसनकडे. एमपी३ वाजवणाऱ्या एका नगामागे पाऊण डॉलर. कारखाना कोरियात असो की चीनमध्ये. त्याच २००५ मध्ये फ्राउनहोफरला यातून सुमारे १० कोटी युरो मिळाले. पेटंटची मुदत सरत आल्यावर एप्रिल २०१७ मध्ये हे लायसन्स बंद झालं. पुढच्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

आता कोणी म्हणेल, कंपनी टेलिकॉमनं, तेलानं, कर्जानं बुडाली. मान्य, टीव्ही एकटा जबाबदार नाही. पण आपला टीव्ही तोशिबाच्या तंत्रावर उभा राहिला आणि शेवटपर्यंत आपल्या नावावर जगानं पैसे मोजावेत असं तंत्र काही निघालं नाही. उसनं आणण्यात लाज नाही, कोरियावाल्यांनीही आणलं होतं. त्यांनी पुढे स्वतःचं केलं. आपल्याकडे कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा कामगाराच्या हातात काय राहिलं? दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे जोडणी करायची सवय.

डोकं नव्हतं असंही नाही. बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी १९७२ ला अमेरिकेत एका गणिती पद्धतीसाठी सरकारी निधी मागितला, नकार आला. तरी काम केलं आणि १९७४ मध्ये नटराजन व के. आर. राव यांच्यासोबत छापलं. आज जेपीईजी फोटो त्यावर चालतो, व्हिडिओ चालतो, एमपी३ मध्येही त्याचंच पुढचं रूप आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं फूल पाठवता ना, ते या माणसाच्या जिवावर. धंदा मात्र दुसऱ्यांनी केला.

देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. जर्मनी ३ टक्क्यांच्या वर. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं १ लाख कोटींची संशोधन योजना मंजूर केली, खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीचं स्वस्त भांडवल द्यायला. छान झालं. पण आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून दुकानातून विकत आणतात आणि सगळ्यांना ते माहीत आहे. त्यांच्या लॅबपर्यंत यातला छदाम तरी येणार का?

शेंद्रा-बिडकीनमध्ये सवलतीची जमीन घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीवर एक अट घाला: डिझाइनचा एक विभाग इथेच, इथल्या कॉलेजला जोडून, आणि किमान दहा वर्षं बंद करायचा नाही. पुढच्या भूमिपूजनाला जाल तेव्हा एकर आणि नोकऱ्यांनंतर तिसरा आकडा मागा, दर नगामागे किती रुपये कोणाच्या लायसन्सला जाणार. साहेब काय उत्तर देतात ते मला कळवा. उत्तर नाही आलं तरी कळवा, तेही छापतो.