आजार विचारू नका, ताटात अंडं वाढा

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. सगळे त्याला वायसीएम म्हणतात. तिथे एआरटी केंद्र आहे, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळण्याची जागा. जवळच भोसरी एमआयडीसीत पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था असं नाव असलेली संस्था आहे. 'नारी' या नावाने ओळखली गेलेली ही संस्था १९९२ साली सुरू झाली. थोडक्यात, औषध आणि संशोधन दोन्ही या कारखान्यांच्या पट्ट्याच्या दाराशी आहे. अल्हमदुलिल्लाह, ही मोठी गोष्ट आहे.

देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ ला. त्याआधी एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलाबद्दल घरचे एकच प्रश्न विचारायचे, जगेल का? आज मूल रोज वेळेवर गोळी घेत असेल तर ते शाळा शिकतं, मोठं होतं, कामाला लागतं. त्यामुळे प्रश्न बदलला आहे. मूल जगतंय, पण वाढतंय का? गोळी चालू आहे, मग वजन का वाढत नाही?

शरीरात काय होतं

एचआयव्ही असलेल्या मुलाचं शरीर विषाणूशी सतत लढत असतं. लढाईला इंधन लागतं. आतड्याला इजा झालेली असली तर खाल्लेलं नीट अंगी लागत नाही. वरचेवर जुलाब झाले की जस्त म्हणजे झिंक बाहेर पडतं. तोंडात फोड किंवा बुरशी आली की मूल खातच नाही. अशाने जीवनसत्त्व अ, ब-१२, लोह, झिंक यांचा साठा कमी होतो. साठा कमी झाला की प्रतिकारशक्ती घटते, पुन्हा आजार येतो, पुन्हा भूक मरते. हे चक्र औषध आणि अन्न दोन्ही मिळूनच तोडतात. एकट्याने कोणीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे. एचआयव्ही आहे पण त्रास काही नाही, अशा मुलाला बाकीच्या मुलांपेक्षा सुमारे १० टक्के जास्त उष्मांक लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे जास्तीचं म्हणजे रोज एक चपाती आणि वर चमचाभर तूप. वजन वाढत नसेल किंवा दुसरा लांबलेला आजार असेल तर २० ते ३० टक्के जास्त. आणि जीवनसत्त्वं, खनिजं? ती इतर मुलांना जेवढी लागतात तेवढीच, पण रोज.

डब्यातली ताकद

'तेवढीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण आपल्या घरात मूल अशक्त दिसलं की पहिली धाव मेडिकलकडे असते. ताकदीची पावडर, टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन. आजी-आजोबा मूल सांभाळत असतील तर पेन्शनमधले पैसे या डब्यांत जातात. जास्त दिलं तर जास्त फायदा, असं सगळ्यांना वाटतं.

हे तपासून पाहिलं गेलं आहे. युगांडात एक ते पाच वर्षांच्या ८४७ एचआयव्हीबाधित मुलांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सूक्ष्म पोषकांचा नेहमीचा डोस दिला, काहींना दुप्पट. दुप्पट डोसाने मृत्यू कमी झाले नाहीत. टांझानियात एआरटी सुरू करणाऱ्या मोठ्या माणसांना जास्त ताकदीच्या व्हिटॅमिन गोळ्या दिल्या, तर यकृतावर ताण दिसू लागला आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. उलट नेमक्या जागी दिलेली छोटी मात्रा कामाला येते. दक्षिण आफ्रिकेत बाधित मुलांना रोज १० मिलिग्रॅम झिंक दिलं, तेव्हा पाण्यासारखे जुलाब कमी झाले आणि विषाणू वाढला नाही.

आपल्याकडे या नेमक्या गोष्टी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस असतो. जुलाब झाले तर ओआरएससोबत १४ दिवस झिंकची गोळी असते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंक पूर्ण १४ दिवस द्यायचं. बऱ्याच घरी इथेच चूक होते.

टॉनिकबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या पालकांना माहीत आहे. आता मुलांच्या एआरटीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. लोह किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी याच्यासोबत घेतली तर ती पोटातच या औषधाला धरून ठेवते आणि औषध रक्तात कमी पोचतं. म्हणून एकतर दोन्ही जेवणासोबत घ्यायची, नाहीतर एआरटीची गोळी टॉनिकच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. घरात कुठलंही टॉनिक चालू असेल तर एआरटी केंद्रात बाटली दाखवा. कलौंजी, मध, खजूर जरूर खाऊ द्या. पण ते अन्न म्हणून, गोळीच्या जागी नाही. एआरटी सोडली तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही.

रमजानचंही सांगायला हवं. नाबालिग मुलांवर रोजे फर्ज नाहीत आणि आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे. शेजारचा मुलगा रोजा धरतो म्हणून आजारी मुलाला जोर करू नये. मोठ्या मुलाने हट्टच धरला तर आधी डॉक्टरांना विचारावं. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारीनंतर बसवता येते, पण ते त्यांनी ठरवायचं.

आपल्याच स्वयंपाकघरात

लोह आणि जीवनसत्त्व अ साठी मटणाची कलेजी. आठवड्यातून एकदा, थोडीशी पुरते. ब-१२ आणि चांगल्या प्रथिनांसाठी अंडं. झिंकसाठी खिमा, हरभरे, शेंगदाणे. मसूर डाळीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह जास्त अंगी लागतं. मोहरम आणि रमजानमध्ये आपण खिचडा करतो. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र शिजवलेला हा पदार्थ आजारी मुलासाठी कुठल्याही पावडरीपेक्षा सरस आहे, आणि सणाची वाट न बघता करता येतो.

आणि एक सवय सोडायला हवी. सकाळी चहा-पाव, चहा-खारी, चहा-बटर देऊन मुलाला शाळेत पाठवायची. चहा जेवणातलं लोह अडवतो आणि पोट भरल्यासारखं वाटतं. हे फक्त एचआयव्ही असलेल्या मुलांचं दुखणं नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. दहातली जवळपास सात मुलं! यात आजारी कोण आणि निरोगी कोण?

ताट सगळ्यांचं असलं तर

इथे खरा मुद्दा येतो. एचआयव्ही असलेल्या मुलाला वेगळा आहार द्यायचा म्हटलं तर आधी ते मूल ओळखावं लागतं. आणि ओळखलं गेलं की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीबाधित मुलं गावच्या शाळेत दाखल झाली, तर गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. सोबत बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका ग्लासाने पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. तरी भीतीच जिंकली.

त्यानंतर कायदा आला. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. आजारामुळे कोणाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला संमतीशिवाय ते दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे माझ्या वर्गात असं मूल असेल तर मला ते माहीत असण्याची गरजच नाही. आणि ते योग्य आहे. पण मग त्या मुलापर्यंत जास्तीचं पोषण पोचणार कसं? उत्तर एकच, सगळ्यांच्या ताटातून.

शाळेत आठवड्यातून एकदा लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वाटतात, लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. ती सगळ्यांना मिळते, म्हणून कोणी कोणाकडे बघत नाही. रेशनमधून पोषणयुक्त तांदूळ दिला गेला, तोही कोणाला वेगळं न काढता. पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत, तीही सगळ्यांना.

याच ताटात नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्याला एक अंडं दिलं होतं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला. हवं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. यावर बरीच चर्चा झाली, पण ती कोण अंडं खातो आणि कोण नाही यावर. ज्या मुलाला ते सर्वात जास्त लागत होतं, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. ते घेता येतही नाही. तो हात वर करून 'मला पाहिजे' म्हणू शकत नाही.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही, त्यांच्या श्रद्धेचा आदर आहेच. पण पर्याय तोलाचा हवा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं आणि ब-१२ असतं. केळ्यात प्रथिनं जेमतेम आणि ब-१२ अजिबात नाही. शेंगदाण्याची चिक्की आणि दूध हा त्यापेक्षा बरा पर्याय झाला असता.

आपल्या हातात काय आहे

सरकारकडे निधीची मागणी चालू ठेवायलाच हवी. पण तोपर्यंत मुलं वाढायची थांबत नाहीत. हिशोब करू. दोनशे मुलांची शाळा, अंडं सात-आठ रुपयांचं. आठवड्याला चौदाशे ते सोळाशे रुपये. चाळीस आठवड्यांचे छप्पन ते चौसष्ट हजार. आपल्या एखाद्या जलशाचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा खर्च किती होतो, ते मशीद कमिट्यांना ठाऊक आहे. हा पैसा सदका किंवा लिल्लाहमधून द्यावा, कारण शाळेत सगळ्या धर्मांची आणि सगळ्या परिस्थितीतली मुलं असतात. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. त्याबाबत इमामसाहेबांना विचारावं.

जकात मात्र अशा घरांपर्यंत जाऊ शकते जिथे आई-वडील गेले आणि नानी-दादी यतीम मूल सांभाळतेय. तिथे एकच अट पाळा. मुलाला काय झालंय, हे विचारू नका. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हीच वेळ आहे ती पाळायची. मदतीचा फोटो नको, बॅनर नको, यादी व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

अशा घरांसाठी सरकारी पैसाही आहे. बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि एचआयव्हीबाधित मुलं त्यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. संजय गांधी निराधार योजनेतून एड्सग्रस्तांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, ते तहसील कार्यालयातून. कागदपत्रांसाठी दहा चकरा होतात हे खरं. म्हणून वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या, तोंडाला कुलूप असलेल्या माणसाने त्या आजीसोबत जावं. हेही सदकाच आहे.

आपल्या मोहल्ल्यात असं मूल नाही, असं कोणी खात्रीने सांगू शकत नाही. असेल तर ते आपल्याच मुलांसोबत बसून जेवतंय. म्हणून या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि एवढंच विचारा, सर, अंडं पुन्हा सुरू करायचं तर किती लागतील? अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मुलांना आफियत देवो. आमीन.