सेफ्टन पार्कातले दोन दिवस

आफ्रिका हा शब्द उच्चारला की आपल्या मध्यमवर्गीय मनात पहिल्यांदा भूगोलाचे पुस्तक उघडते. सहाराचे वाळवंट, नाईल नदी, किलिमांजारो, सिंह आणि जिराफ. गाण्याचे पान त्या पुस्तकात नसतेच. फार तर एखाद्या हिंदी चित्रपटात नायक जंगलात वाट चुकतो, त्याला खांबाला बांधतात आणि अंगाला रंग फासलेली मंडळी त्याच्याभोवती ढोल बडवीत नाचतात, एवढीच आपली त्या खंडाच्या संगीताशी ओळख. ‘मराठीच्या प्राध्यापकाला या नसत्या चौकशा कशाला?’ असे कुणी विचारील. पण शब्द न समजता गाणे समजते का, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे; आणि त्याचे उत्तर २०२२ च्या जून महिन्यात, इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरी, गवतावर सतरंजी टाकून बसलो असताना मिळाले.

लिव्हरपूलला माझा भाचा नोकरीला असतो. त्याची मुलगी आठ वर्षांची, त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच मी ‘मामाआजोबा’ झालो आहे. तिला सांभाळायला माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, तिकडे गेली होती. आम्ही उभयता सुटी काढून तिच्या पाठोपाठ गेलो. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा हिवाळा! पण ऊन मात्र रेंगाळते. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी सूर्य जायचे नाव काढीत नाही.

या लांबलेल्या दिवसांत तिथे ‘आफ्रिका ओये’ नावाचा उत्सव भरतो, असे भाच्याने सांगितले. १९९२ साली शहरातल्या लहानसहान कार्यक्रमांपासून त्याची सुरुवात झाली आणि २००२ पासून तो सेफ्टन पार्क या विस्तीर्ण बागेत आला. महामारीमुळे दोन वर्षे तो भरला नव्हता. त्यामुळे २०२२ साली तिशीचा सोहळा आणि दोन वर्षांचा उपास असे दोन्ही एकत्र आले होते. शनिवार-रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत गाणेबजावणे, आणि तेही फुकट. तिकीट नाही, पास नाही, पाहुण्यांसाठी पुढच्या रांगेत सोफे नाहीत. पुणे-मुंबईच्या माणसाला यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो.

बोलावणे मुलीच्या वर्गमैत्रिणीकडून आले होते. त्या मैत्रिणीचे आजी-आजोबा घानातून आलेले. आक्काने भाजी निवडता निवडता म्हटले, “त्या लोकांच्या गर्दीत पोरीला कशाला न्यायची?” आक्का वाईट नाही. आपल्याकडच्या शंभर आज्यांपैकी नव्वद जणी हेच म्हणाल्या असत्या, आणि उरलेल्या दहा जणी मनात म्हणाल्या असत्या. भाचेसून गप्प राहिली. पण पोर बोलली. “आजी, ‘ते लोक’ म्हणजे माझी मैत्रीण का? शाळेत एक मुलगा मला पण ‘तुम्ही लोक’ म्हणतो.” स्वयंपाकघरात थोडा वेळ नळाचाच आवाज ऐकू येत राहिला. मग आक्का उठली, तिने हात धुतले आणि फडताळावरची सतरंजी काढून माझ्या हातात दिली. “धपाटे बरोबर घेऊ. तिकडचं काही पोटाला चालेल, न चालेल.”

प्रत्यक्षात धपाटे तसेच परत आले. मैदानाच्या कडेला खाण्याचे गाडे होते. टोमॅटो घालून केलेला झणझणीत ‘जोलोफ’ भात होता आणि आपल्या राजेळी केळ्यांसारख्या केळ्यांचे तळलेले काप होते. आक्काने दोन वेळा काप मागितले, तेही मराठीत. गाडेवालीने ते बरोबर दिले.

आता गाण्याकडे वळू. आफ्रिकी संगीत म्हणजे नुसता ढोल, ही समजूत तिथे अर्ध्या तासात गळून पडते. पश्चिम आफ्रिकेतला ‘कोरा’ घ्या. मोठ्या भोपळ्याचा अर्धा भाग चामड्याने मढवायचा, त्याला लांब दांडी बसवायची आणि एकवीस तारा लावायच्या. आवाज ऐकला की वीणा आणि संतूर यांचे लग्न लागले आहे असे वाटते. तो वाजवणारी घराणी पिढीजात असतात. त्यांना ‘जेली’ किंवा ‘ग्रियो’ म्हणतात. राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह हे सारे त्यांनी तोंडपाठ सांभाळले आहे. तेराव्या शतकात मालीचे साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाता केयताची कथा त्यांच्याच मुखातून आजवर आली. आपले भाट, गोंधळी आणि शाहीर एकाच घरात नांदले तर जे होईल, ते हे. मालीचा तुमानी दियाबाते हा अशाच घराण्यातला. २०२४ साली तो गेला, तेव्हा साऱ्या जगातल्या रसिकांना हळहळ वाटली.

झिंबाब्वेकडचे ‘एंबिरा’ हे आणखी एक वाद्य. लाकडी फळीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवतात आणि त्या अंगठ्यांनी वाजवतात. गंमत पुढे आहे. या फळीला शिंपले किंवा बाटल्यांची झाकणे मुद्दाम अडकवलेली असतात, म्हणजे प्रत्येक स्वराभोवती एक गुणगुण उठते. पाश्चात्त्य कानाला ती खरखर वाटते. आपल्याला मात्र ती लगेच ओळखू येते, कारण तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी काढतो ती याच गुणगुणीसाठी. इथिओपियातल्या ‘तिझिता’ या सुरावळीचा एक प्रकार तर थेट आपल्या भूपाच्या पाच स्वरांचा आहे.

आक्का आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात वीस वर्षे टाळ धरते. मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हा आफ्रिकी गाण्याचा ठरलेला प्रघात. दुसऱ्या गाण्यापर्यंत तिचा हात गुडघ्यावर पडू लागला. तिसऱ्या गाण्याला ती मला म्हणाली, “बुवा तयारीचे आहेत रे, पण हे मेले समेवर कधी येतात?”

प्रश्न फार मार्मिक होता. आपल्याकडे गवई आणि तबलजी कितीही भटकले तरी समेवर भेटतात, आणि आपण मान डोलावतो. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी वादनांत असा एकच भेटीचा चौक नसतो. एक जण लोखंडी घंटेवर ठरलेला ठेका न चुकता वाजवत राहतो. त्याच काळात एक ढोल दोनाच्या हिशेबाने चालतो, दुसरा तीनाच्या. आपली दीडपट ती हीच. फरक इतकाच की आपण ती क्षणभर करून दाखवतो आणि टाळी घेतो, ते तिथेच संसार मांडतात. मग सम कुठे? ती नाचणाऱ्याच्या पायांत असते. म्हणूनच तिथे बसून ऐकणारा माणूस अर्धेच गाणे ऐकतो. ही गोष्ट मुलींना कुणी सांगावी लागली नाही. दोघी केव्हाच उठल्या होत्या. थोड्या वेळाने आमची सौभाग्यवतीही उठली, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिला मंगळागौरीनंतर प्रथमच फेर धरताना पाहिले.

वाचकहो, इथवर सारे आनंदाचे झाले. पण हे गाणे नेमके याच गावात का ऐकावे, हेही सांगितले पाहिजे. लिव्हरपूलचे नोंदलेले पहिले गुलामवाहू जहाज १६९९ साली निघाले. १८०७ साली कायद्याने तो व्यापार बंद होईपर्यंत या बंदरातून सुमारे पाच हजार फेऱ्या झाल्या आणि दहा लाखांहून अधिक माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उचलून अटलांटिकपार विकली गेली. त्या माणसांच्या बदल्यात जो माल दिला जाई, त्यात हिंदुस्थानातून नेलेले सुती कापडही असे. म्हणजे या कथेत आपला धागा अगदीच नाही असे नाही. १९९९ च्या डिसेंबरात शहराच्या नगरपालिकेने या व्यापाराबद्दल जाहीर माफी मागितली. २३ ऑगस्ट २००७ रोजी तिथल्या गोदीत गुलामगिरीचे संग्रहालय उघडले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १७९१ साली याच सुमारास हैतीतल्या गुलामांनी बंड पुकारले होते.

जाताना त्या माणसांजवळ गाठोडेही नव्हते. ताल मात्र कुणाला काढून घेता आला नाही. क्यूबात तो स्पॅनिश गाण्याशी मिसळला आणि नवे संगीत जन्मले. १९३० च्या दशकात त्या क्यूबन गाण्यांच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या, त्याच आपल्या कुत्र्याच्या छापाच्या, काँगो नदीच्या काठी पोचल्या. ऐकणाऱ्यांना ते सूर परके वाटले नाहीत; घरचा मुलगा परदेशी कपडे घालून परत आला असे वाटले असावे. त्यांनी पियानोचे काम गिटारवर घेतले, आपल्या भाषेतले शब्द घातले, आणि काँगोचा रुंबा तयार झाला. आधी संथ गाणे, मग गायक थांबतात, गिटारी एकमेकींत गुंफू लागतात आणि लोक नाचायला उठतात. विलंबितानंतर द्रुत यावे तसे. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला, तेव्हा ‘अँदेपांदांस चा चा’ हे याच चालीचे गाणे आफ्रिकाभर दुमदुमले. २०२१ साली युनेस्कोने काँगोच्या रुंब्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

सेफ्टन पार्कातच १८९६ साली बांधलेले काचेचे वनस्पतिगृह आहे. त्याच्याभोवती जुने पुतळे उभे आहेत. एक कोलंबसाचा, आणि एक पोर्तुगालच्या राजपुत्र हेन्रीचा. याच हेन्रीच्या काळात, १४४० च्या दशकात, आफ्रिकी माणसे जहाजांत घालून पोर्तुगालात विकायला आणली जाऊ लागली. रविवारी संध्याकाळी मी तिकडे फेरी मारली. मैदानावरचा ढोल तिथवर येत होता. कुणी त्या पुतळ्यांकडे बघत नव्हते. काचघराच्या पायरीवर बसून एक आजोबा नातवाला भात भरवीत होते, आणि पोर तालावर मान हलवीत खात होते.

घरी परतताना आक्काने एवढेच म्हटले, “त्या मुलीच्या आजीला एकदा जेवायला बोलावू. गोडाचं काय करावं, ते विचार तिच्या आईला.”

पण ढोल ऐकायला लिव्हरपूलला जायचे कारण नाही. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि १६२६ साली दख्खनच्या मातीत विसावला. जंजिऱ्याचे सिद्दी आपण इतिहासात वाचतो ते शत्रू म्हणून. ते मुळात कुठून आणि कसे आले, हे वाचीत नाही. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला सिद्दी लोक आजही ‘गोमा’ नाचतात. पूर्व आफ्रिकेच्या भाषांत ‘ङोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. शब्द समुद्र ओलांडून आला आणि टिकला. या मंडळींचे कार्यक्रम अधूनमधून आपल्या शहरांतही होतात. यंदा जाहिरात दिसली तर मुलांना घेऊन जा. पुढच्या रांगेत बसून चमत्कारिक प्राणी पाहावेत तसे पाहू नका. पायांना जरा मोकळीक द्या. सम तिथेच सापडते.