सब्जंक्टिव्हचा उगाच बाऊ

फ्रेंचचा सब्जंक्टिव्ह म्हणजे सहा-सहा रूपांचे तक्ते घोकायचे, असे मुलांना सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आयुष्यभर व्याकरण शिकवले आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

'ते संपवतात' म्हणजे 'इल फिनिस'. 'मी संपवावे' हवे असेल तर 'क ज फिनिस'. झाले! लिहिताना शेवटची अक्षरे बदलतात, कानाला फरक नाही. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या वर्तमानकाळी रूपात एक 'इ' घुसवा: फिनिसोंचे फिनिसियों, व्हनोंचे व्हनियों. 'एत्र' आणि 'आव्हुआर' ही दोन खरी आडमुठी, ती पाठ करावीच लागतात. 'फेर'चे 'फास', 'साव्हुआर'चे 'साश' अशी आणखी मूठभर.

आणि अर्थ समजवायला इंग्रजी कशाला हो? तिथे हा प्रकार जवळजवळ मोडीत निघालाय. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' हे आपले पोर शाळेत जायच्या आधीपासून बोलते. वाख्यात! फ्रेंचमध्ये तेच 'किल व्हिएन'. मराठी मुलांच्या वर्गात हे एक वाक्य फळ्यावर लिहायला मास्तरांना लाज का वाटते?

फक्त 'आशा आहे' म्हणताना जपून. तिथे फ्रेंच माणूस साधेच रूप वापरतो.