रिकामी कबर आणि आमची सोयीची प्रतीके

पुनरुत्थानाचा सण जवळ आला की आमच्या सुशिक्षित ख्रिस्ती मंडळींत एक विधान हमखास ऐकू येते : कबर खरोखरच रिकामी होती की नव्हती हा प्रश्न गौण आहे, पुनरुत्थान हे आशेचे प्रतीक आहे आणि तेवढे आपल्याला पुरे आहे. असे म्हणणारे नास्तिक नसतात. ते नेमाने मिस्साला येतात, वेदीजवळ उभे राहून वाचनेही करतात. बुद्धिवादी मित्रांपुढे आपल्याला ओशाळे व्हावे लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. त्यांच्या भूमिकेला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. कारण ज्या फांदीवर आपण सारे बसलो आहोत, तिच्यावरच ती घाव घालते.

निष्पर्ण झाडाला दरवर्षी पालवी फुटते. रात्रीनंतर पहाट होते. एवढेच सांगायचे असते तर त्यासाठी क्रूसाची गरज नव्हती आणि प्रेषितांना घरदार सोडून जगभर हिंडण्याचेही कारण नव्हते. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना हा प्रश्न निकालात काढला आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा पोकळ आहे, तुमचा विश्वास व्यर्थ आहे आणि आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. प्रतीक सुंदर असेल किंवा नसेल, ते खोटी साक्ष ठरू शकत नाही. खोटी ठरू शकते ती घडलेल्या गोष्टीची साक्ष. पौलाने आपली सारी पुंजी अशा साक्षीवर लावली होती.

आपल्या श्रद्धेच्या अंगीकारात एका रोमन अधिकाऱ्याचे नाव आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय? दर रविवारी आपण पिलाताचे नाव घेतो. तो संत नव्हता. त्याचे नाव तिथे काळाची खूण म्हणून आले आहे. इ. स. २६ ते ३६ या काळात तो यहूदियाचा सुभेदार होता. १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात त्याचे नाव कोरलेली शिळा सापडली. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. पण ख्रिस्ताला पिलाताच्या कारकिर्दीत देहदंड झाला, हे त्यानेही नोंदवले आहे. आपली श्रद्धा ‘कोणे एके काळी’ या शब्दांनी सुरू होत नाही.

आता साक्षीकडे वळू. करिंथकरांना पहिले पत्र इ. स. ५५ च्या सुमारास लिहिले गेले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदारांची यादी देतो : केफा, बारा प्रेषित, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असे तो मुद्दाम लिहितो. ‘जाऊन विचारा’ असाच त्याचा अर्थ होतो. ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे, असेही तो सांगतो. आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा बंधू याकोब यालाही भेटला, हे त्याच्या गलतीकरांस पत्रात आहे. म्हणजे मूळ साक्षीदारांशी त्याची गाठ क्रूसानंतर काही वर्षांतच पडली होती. दंतकथा वाढायला वेळ लागतो आणि साक्षीदार नाहीसे व्हावे लागतात. येथे दोन्ही गोष्टी नव्हत्या.

चारही शुभवर्तमाने रिकाम्या कबरीची पहिली वार्ता स्त्रियांच्या तोंडी देतात. त्या काळी ही दुबळी बाजू होती. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. दुसऱ्या शतकातील सेल्सस या टीकाकाराने तर एका वेडसर बाईची साक्ष म्हणून ख्रिस्ती लोकांची टर उडवली. कथा रचायचीच असती तर रचणाऱ्याने तिथे पेत्राला किंवा अरिमथाईकर योसेफाला उभे केले असते. मग्दालीया मरीया तिथे आहे. कारण ती तिथे होती.

शोकाकुल शिष्यांना भास झाले, हा आक्षेप जुनाच आहे. जर्मन पंडित गेर्ड ल्यूडेमान यांनी १९९४ साली तो नव्याने मांडला. परंतु पौल शोकाकुल नव्हता. तो छळ करणारा होता. प्रभूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान सांगतो. त्याच घरातला याकोब पुढे यरुशलेमच्या ख्रिस्तसभेचा आधारस्तंभ झाला आणि इ. स. ६२ मध्ये दगडमार होऊन मेला. त्याच्या मृत्यूची नोंद योसेफसनेच केली आहे. ल्यूडेमान यांच्या एका गोष्टीचा मात्र आम्ही आदर करतो. पुनरुत्थान घडले नाही असे ठरवल्यावर त्यांनी काही वर्षांनी ख्रिस्ती श्रद्धाही जाहीरपणे सोडली. तर्काला धरून वागण्याचा तो प्रामाणिकपणा आमच्या प्रतीकवाद्यांनी दाखवलेला नाही.

शुभवर्तमानांत तपशिलाचे फरक आहेत, हे आम्ही लपवत नाही. कबरीपाशी किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक की दोन, याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. पढवलेले साक्षीदार शब्दन्‌शब्द जुळवून बोलतात. खऱ्या साक्षीदारांचे तपशील वेगळे होतात आणि गाभा एक राहतो. येथे गाभा एकच आहे.

इतिहासाने सारे सिद्ध होते, असाही आमचा दावा नाही. प्रभू उठला तो क्षण कोणी पाहिला नाही आणि कोणत्याही शुभवर्तमानाने त्याचे वर्णन केलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ हा समतोल नेमका सांभाळतो : पुनरुत्थान ही खरी घटना आहे, तिच्या खुणा इतिहासात आहेत आणि तरीही तिचे रहस्य इतिहासाच्या पलीकडे जाते. पिंखास लापिदे या यहुदी विद्वानाने पुनरुत्थान ही घडलेली घटना मानली, तरी तो ख्रिस्ती झाला नाही. पुरावा माणसाला दारापर्यंत नेतो. आत पाऊल टाकायला कृपा लागते. पण दारच नाही असे म्हणणाऱ्याने पाऊल कुठे टाकायचे?

हा वाद पंडितांच्या चार भिंतींतला नाही. आमच्या धर्मग्रामांच्या दफनभूमीत रोज कोणाची तरी आई, कोणाचे तरी मूल मातीआड होते. शवपेटी खाली उतरत असताना, मूठभर माती हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाला आम्ही काय सांगणार? वसंत ऋतू येतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याचे मूल पुन्हा भेटेल की नाही, एवढेच त्याला विचारायचे आहे. एक माणूस खरोखर कबरेतून उठला असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे. उठला नसेल तर आम्ही गप्प राहावे, हे अधिक दयेचे होईल.

तो उठला, अशी ख्रिस्तसभेची साक्ष आहे. ती ज्यांनी दिली त्यांनी प्राणांचे मोल दिले. आम्हांला फार तर मित्रांचे हसू सोसावे लागेल. तेवढेही सोसवत नसेल, तर पास्काच्या रात्री हातात मेणबत्ती धरण्यापूर्वी ती आपण कशासाठी धरतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.