संशोधनाची वाट आणि विद्यावेतनाची तारीख

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची जुनी प्रथा आहे. १९४९ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन झाले, १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, १९८८ मध्ये आयुका आणि २००६ मध्ये आयसर आली. गणेशखिंड ते पाषाण एवढ्या टापूत विज्ञान-संशोधनाच्या इतक्या संस्था एकवटल्या आहेत. परंतु तालुक्याच्या गावी बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठी पुण्यात आलेल्या शेतमजुराच्या मुलीला या माहेरघराचे दार कोणत्या बाजूने उघडते, हे सांगणारे कोणी नसते.

प्राध्यापकाच्या घरात वाढलेल्या मुलाला ते जेवणाच्या ताटावरच कळते. नेटची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करावी लागते. भौतिकशास्त्रासाठी जेस्ट ही परीक्षा निराळी असते. विषयाइतकाच मार्गदर्शकही पारखून घ्यावा लागतो. या मार्गदर्शकाच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीस किती वर्षे लागली, मध्येच किती जणांनी काम सोडले, उपकरणे चालू आहेत काय, हे प्रवेशापूर्वी विचारायचे असते. ज्यांना हे ठाऊक नसते, त्यांची दोन-तीन वर्षे फुकट जातात. गुणवत्तेच्या नावाखाली अशी वारसाहक्काने मिळालेली माहितीही मोजली जाते.

दुसरा प्रश्न पैशाचा. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये झाले. ते मिळते जास्तीत जास्त पाच वर्षे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.ला मात्र सहा वर्षांची मुदत दिली आहे. प्रयोग लांबला की शेवटचे वर्ष कोरडे जाते. त्यातच अनुदानाचा हप्ता महिनोन् महिने रखडतो. घरची ऐपत असलेला विद्यार्थी हा काळ निभावून नेतो. ज्याच्या विद्यावेतनातून गावाकडे पैसे जातात, तो शिकवण्या धरतो आणि प्रबंध मागे पडतो. वेळापत्रक कितीही काटेकोर आखले, तरी उत्पन्नाची तारीख अनिश्चित असेल तर ते कागदावरच राहते. नियोजनाचा हा प्राथमिक नियम देशाला लागू आहे, तसाच विद्यार्थ्यालाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवरील चर्चेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल विधिमंडळात केला होता. दिवा लावायचा तर तेल लागते, आणि तेलाचे कोठार शासनाच्याच ताब्यात आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ती तक्रार मात्र पुरती मिटलेली नाही.

मागण्या साध्या आहेत. विद्यावेतन पगाराप्रमाणे ठरल्या तारखेस मिळावे. त्याची मुदत पदवीच्या मुदतीशी जुळावी. आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे प्रत्येक विभागाने फलकावर लावावे. मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. दर जूनमध्ये तालुक्याच्या ठिकाणी एक टेबल मांडून परीक्षा, अर्ज आणि अधिछात्रवृत्त्या यांची माहिती दिली, तरी काही मुलामुलींची वर्षे वाचतील. त्याला पैसा लागत नाही, सातत्य लागते.