कुलूपबंद तक्रारवही

भिवंडीच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. भिंतीवर पाटी होती : 'तक्रारवही मागितल्यास मिळेल.' वही मात्र व्यवस्थापकांच्या खणात, कुलपात. एकदा एका यंत्रमाग कामगाराने ती मागितली. तक्रार व्यवस्थापकांविरुद्धच होती. त्याने एकवार केबिनकडे पाहिले आणि मुकाट्याने निघून गेला. पुढे तपासणी झाली, शेरा पडला : 'तक्रारी नाहीत.' त्या कागदावर माझीही सही आहे.

उच्च शिक्षणातील समतेचा वाद वाचताना ती कोरी वही आठवते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको, असे घटनेचा पंधरावा अनुच्छेद सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये विनियम केले : संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, तक्रार साठ दिवसांत निकाली निघावी.

तरीही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाने आयुष्य संपवले. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी गेली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरला गेला. छळाचे गाऱ्हाणे आपण आधीच घातले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे मागणे साधे होते : आहेत ते नियम तरी पाळा!

जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले. जातिभेदाच्या व्याख्येत खुल्या प्रवर्गाला जागा नाही, म्हणून विरोध उसळला. त्याच महिन्यात न्यायालयाने स्थगिती देऊन २०१२ चेच विनियम चालू ठेवले.

व्याख्येवर वाद जरूर व्हावा. पण माझा प्रश्न कारकुनी आहे : वहीची किल्ली कोणाकडे? ज्याच्या हाती परीक्षा, शस्त्रक्रियेचा सराव आणि शिफारसपत्र, त्याच्याच दारातून तक्रार जाणार असेल, तर ती लिहिणार कोण? चौकशी विभागाबाहेरच्या माणसाकडे हवी. तक्रारदाराला त्यात न्याय आहे आणि खोटा आरोप झालेल्यालाही.

वसतिगृहातून मुलीचा फोन येतो, 'सगळं ठीक आहे.' आपण निश्चिंत होतो. त्या कामगाराला कोणी विचारले असते, तर तोही तेच म्हणाला असता.